स्क्रूची डोकी दिसता कामा नयेत

ता. ३ जानेवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

वाचनालयाचं काम आपल्याला मिळालं. ग्रंथपाल बाई काल स्वतः आपल्या सुतारकामाच्या दुकानात येऊन नक्की सांगून गेल्या. दोन भिंती भरून पुस्तकांची कपाटं, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर वाचनालय उघडायचं आहे.

फोनवर बोलायला गेलं की आपले दोघांचेही आवाज चढतात, म्हणून पत्र. चष्मा दुरुस्तीला दिलाय, त्यामुळे मी सांगतोय आणि तुझी वहिनी लिहून घेतेय.

विचारायचं एवढंच. बिनवायरचं ड्रिल आणि त्याच्या जोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, असा छोटा संच घ्यायचं मनात आहे. तुझ्या हातात दिवसभर तेच असतं. कोणता घेऊ? दुकानदार तीन दाखवतो आणि तिन्ही उत्तम म्हणतो.

तब्येत सांभाळ. रुसवा असेल तो असू दे, उत्तर मात्र लवकर दे.
तुझा,
दादा


ता. ८ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पत्ता आपलाच, अक्षर वहिनीचं, पण सांगणारा माणूस कोण ते कळेना. ज्याने स्क्रूला ‘सांधा न येणाऱ्याची कुबडी’ म्हटलं, मी फर्निचरच्या कारखान्यात लागलो म्हणून माझ्या ताटाशेजारी बसायचं सोडलं, तो स्क्रू आवळायचं यंत्र मागतोय?

असो. विचारलंस म्हणून सांगतो. ड्रिल भोक पाडतं. त्याच्या मानेवर आकड्यांची कडी असते, तो क्लच. ठरल्यापेक्षा जास्त जोर लागला की फिरणं सुटतं, म्हणून मऊ लाकडात स्क्रू बुडत नाही. (तुझ्या दुकानदाराच्या जिभेला तेवढी एक कडी बसवून घे.) इम्पॅक्ट ड्रायव्हर स्क्रू आवळतो, आणि अडला की आतून भराभर ठोके देतो. मनगट पिळत नाही, पण कान बधिर होतात. तुझी गोल दांड्याची जुनी बिटं त्यात बसणार नाहीत. षट्कोनी दांड्याची वेगळी घ्यावी लागतील.

कपाटांना बारा व्होल्टचा संच पुष्कळ झाला. वजन खोक्यावर वाचू नकोस. दुकानात चहा मागव आणि तो संपेपर्यंत यंत्र डोक्याच्या वर धरून उभा राहा. हात भरून आला तर परत ठेव.

पण दादा, पटाशीला काय झालं?

वहिनीस नमस्कार. लोभ आटला नसावा अशी आशा.
तुझा,
बारक्या


ता. १२ जानेवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

पटाशीला काही झालेलं नाही. धार आहे तशीच आहे. वेळ कमी आहे म्हणून स्क्रू. कारखान्यात जाऊन उलटतपासणी घ्यायला शिकलास वाटतं.

चहा घेऊन दुकानात उभं राहायचा सल्ला तुझ्यासारख्यालाच सुचतो. तरी आणखी दोन गोष्टी कळव. ही यंत्रं डाव्या हाताने चालवता येतात का? आणि उलटसुलट फिरवायचं बटण डाव्या अंगठ्याला पोचतं का? मूठ बारीक असलेला संच कोणता तेही लिही. आपली सहज माहिती असावी म्हणून विचारतोय.

चष्मा अजून आला नाही.
दादा


ता. १३ जानेवारी

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

हे पत्र मला कोणी सांगितलेलं नाही, माझं मीच लिहितेय. चष्मा दुरुस्तीला गेलेलाच नाही. तो त्यांच्या नाकावर आहे, आणि त्यातूनच ते कालच्या पत्रातलं माझं शुद्धलेखन तपासत होते.

त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली आहेत. पटाशी हातातून दोनदा निसटली. दुसऱ्यांदा पायाजवळच्या फळीत रुतली तेव्हा मी जबरदस्तीने दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनगटात नस दबली आहे, ऑपरेशन लवकर करा. उशीर झाला तर अंगठ्यातलं बळ परत येईल याची खात्री त्या देत नाहीत. थरथरणारं यंत्र तर त्या हातात नकोच. आणि हे म्हणतात, आधी कपाटं.

सकाळी शर्टाची बटणं मी लावते. तेवढा वेळ आम्ही दोघंही भिंतीकडे बघत असतो.

तुम्ही त्यांना लिहा की असलं यंत्र कपाटांना चालत नाही. तुमचं ऐकतील. तुमच्यावर राग आहे, तुमच्या कामावर नाही. तुमच्या कारखान्याचं टेबल शेजारी आलं, तर हे त्याच्याखाली शिरून बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, वाईट नाही. मी लिहिलंय हे मात्र त्यांना कळू देऊ नका.

तुमच्या पत्राची वाट बघतेय, आणि तुमचीही.
वहिनी


ता. १७ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दोन्ही यंत्रं डाव्या हाताने चालतात. बटण मुठीच्या वर आरपार असतं, ते कोणत्याही बाजूने दाबता येतं. पण तू डाव्या अंगठ्याचं विचारलंस आणि मला उजव्याचं कळलं. वहिनीला विचारायची गरजच पडली नाही.

ड्रायव्हर तू घ्यायचा नाहीस. त्याचे ठोके कोपरापर्यंत जाणवतात. आमच्याकडे कोणी बोटांना मुंग्या आल्या म्हटलं की त्याच्या हातातून तो काढून घेतात, मग तो कितीही कुरकुर करो. तुझ्या हातातून काढून घ्यायला मी तिथे नाही, म्हणून येतोय. रजा मंजूर झाली. रविवारी, २५ तारखेला, संध्याकाळच्या गाडीने माझा संच घेऊन पोचतो.

तोवर डॉक्टरांकडे जा आणि ऑपरेशनची तारीख घे. नाहीतर दुकानात बसून तुझ्या सगळ्यात आवडत्या पटाशीने पेन्सिलींना टोकं काढीन. मी काढीन, तुला माहीत आहे.

लोभाचं आल्यावर बघू.
बारक्या


ता. २१ जानेवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

ऑपरेशन २९ तारखेला. इस्पितळातून काल नक्की झालं. हे अक्षर माझं आहे, डाव्या हाताचं. हसू नकोस. पेन्सिलींचं वाचून तुझी वहिनी हसली तेवढं पुरे. बऱ्याच दिवसांनी हसली. तुला गरज पडली नाही म्हणतोस. मी काही लिहायला सांगितलं नसताना तिच्या हाताला शाई कुठून लागली होती, ते मीही विचारलं नाही.

पटाश्या कुलपात ठेवल्या आहेत. किल्ली मागू नकोस.

संच घेतला नाही. नुसतं ड्रिल घेतलं, तुझ्याच कंपनीचं, म्हणजे तुझ्या बॅटऱ्या त्याला बसतील. दुकानदाराला जोडी खपवायची होती, तो खट्टू झाला. चहा मागवला. डावा हात वर धरून कप संपवायचा, तर कप धरायला उजवाच उरतो. तो वहिनीने धरला. दुकानातली माणसं बघत होती. डावा भरून आला नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, डाव्याने थोडं थोडं चालेल.

तेव्हा सोमवारी वाचनालयात भोकं मी पाडीन, मागून स्क्रू तू आवळ. पण एक आत्ताच सांगून ठेवतो. स्क्रूची डोकी दिसता कामा नयेत. प्रत्येकावर त्याच फळीतल्या लाकडाचं बूच बसेल, आणि त्याची रेषा फळीच्या रेषेत जाईल. तुमच्या कारखान्यात काय करतात ते मला सांगायचं नाही.

उजव्याचं काय ते पट्टी सुटल्यावर कळेल. डॉक्टरीणबाई काही वचन देत नाहीत.

रविवारी गाडीवर मी येतोय. यंत्रांची पेटी तुझी तूच उचल.
दादा