क्लोन शंभर टक्के यशस्वी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळ.

ठरलं. घरच्या कॉम्प्युटरमध्ये एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क टाकायची. स्वतःच्या हातानं.

कारण रचना. माझी बायको आहे, पण सध्या ती आधी बचत गटाची अध्यक्ष आहे. गटातल्या बावीस बायकांना गावचा मामा तलाव, म्हणजे जुना माजी मालगुजारी तलाव, मासेमारीसाठी पाहिजे. येत्या सोमवारी गोंदियाच्या ऑफिसात प्रस्ताव मांडायचा आहे. एकतीस पानांचा. दोन महिन्यांपासून ती रोज बसून टाइप करून राहिली. आज कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत तिनं भात चढवला, अंगण झाडलं, आंघोळ करून आली. स्क्रीनवर गोल चकरी फिरतच होती. म्हणाली, "हे टीनाले दाखवा जी एकदा."

टीना! माझ्या २००९ च्या बॅचची विद्यार्थिनी. माऊस कसा धरायचा ते मी शिकवलं. आता हायवेवर ढाब्याच्या बाजूला तिचं रिपेरिंगचं दुकान आहे, म्हणून मी तिच्या दारात कॉम्प्युटर घेऊन उभं राहायचं? सडक अर्जुनीत कॉम्प्युटर क्लास काढणारा पहिला माणूस मी. क्लास बंद होऊन सहा वर्षं झाली. बोर्ड अजून आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

एसएसडी टीनाच्याच दुकानातून घेतली. दुसरीकडे मिळत नाही, नाइलाज.

ती म्हणाली, "सर, कॉम्प्युटर घेऊन या, मीच टाकून देते. चहा पेईपर्यंत होऊन जाते."

नको म्हटलं.

"बरं, मंग बॅकअप तरी घेतला का?"

मी नुसता हसलो. बॅकअप घेणं म्हणजे स्वतःवर विश्वास नसणं. हे वाक्य वर्गात सुचलं असतं तर पोरांनी वहीत उतरवून घेतलं असतं.

५ फेब्रुवारी, बुधवार.

दिवसभर अभ्यास. सात व्हिडिओ पाहिले. त्यातला एक रायपूरचा माणूस चांगला समजावतो. "बहुत आसान है दोस्तों." जुन्या डिस्कवरचं विंडोज आणि सगळ्या फाइली जशाच्या तशा नव्या डिस्कवर उतरवायच्या. याला क्लोन म्हणतात. मला माहीतच होतं, फक्त नाव माहीत नव्हतं.

त्यासाठी एक पेनड्राइव्ह लागतो. माझे तिन्ही बिघडलेले. रचनाच्या पर्समध्ये एक निळा सापडला. फॉरमॅट मारून त्यावर क्लोनचं सॉफ्टवेअर टाकलं. आत तिचं काहीतरी होतं. कॉम्प्युटरमध्ये तेच असेल. एकच गोष्ट दोन ठिकाणी कायले ठेवायची?

६ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १.३०

रचना रुख्माबाईसोबत तलावावर गेली आहे. रुख्माबाई गटातली सगळ्यात म्हातारी, सत्तरीची. ऑपरेशनला हीच वेळ.

कॅबिनेट उघडलं. आत धूळ आणि वाळलेली पाल. पाच स्क्रू निघाले.

२.१५

स्क्रीनवर दोन चौकोन आले. एकावर सोर्स, दुसऱ्यावर टार्गेट. कोणती डिस्क कुठं ते आपण ठरवायचं. नवशिका इथंच गोंधळतो. मी विचार केला. सोर्स म्हणजे उगम. आपली नवी सुरुवात कुठून होणार? नव्या डिस्कपासून. म्हणून सोर्स नवी. टार्गेट म्हणजे लक्ष्य. आपल्याला सुधारायचं कोणाला? जुनीला. म्हणून टार्गेट जुनी.

लाल अक्षरात लांबलचक वॉर्निंग आली. येस दाबलं.

२.२२

झालं! चार मिनिटांत! रायपूरवाल्याला दोन तास लागले होते. त्याला कळवलं पाहिजे.

२.४०

नवी डिस्क लावून कॉम्प्युटर सुरू केला. काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत आलं की ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही. डिस्क नवी आहे. रुळायला वेळ लागतो.

३.१०

जुनी डिस्क परत लावून पाहिली. तेच वाक्य, अक्षर न अक्षर तेच. म्हणजे दोन्ही डिस्क आता तंतोतंत सारख्या आहेत. क्लोन शंभर टक्के यशस्वी.

४.००

कॅबिनेट बंद. चार स्क्रू बसले. पाचवा कंपनी जास्तीचा देत असेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.

सकाळपासून चौदा वेळा बंद-चालू केलं. व्होल्टेजचा प्रॉब्लेम असावा. रचनाला प्रिंट काढायची होती. मी सांगितलं, प्रोसेसिंग चालू आहे.

ती म्हणाली, काही हरकत नाही, पेनड्राइव्हवरून दुकानात काढते.

मी विचारलं, कोणता पेनड्राइव्ह?

"निळा. टीनानं सांगतलं होतं, एक कॉपी येगळी ठेवत जा म्हणून."

म्हणजे टीनानं हिला सांगितलं होतं, आणि ती कॉपी निळ्यात आहे हे मला सांगितलं नाही! याला निष्काळजीपणा म्हणतात. हेच बोलणार होतो, पण आधी कॅबिनेटवरची धूळ पुसायला घेतली.

"काऊन जी, बोलून नाही राहिले?"

सांगितलं. सगळं. सोर्स आणि टार्गेटमागचा विचारही सांगितला.

ती ओरडली नाही. पलंगाच्या काठावर बसली आणि म्हणाली, "बावीस बाया हाय. त्याहिले का सांगू मी?"

मी समजावलं की फाइली गेल्या नाहीत, फक्त दिसत नाहीत. तांत्रिक भाषेत फार मोठा फरक आहे. ती उठली, दोन्ही डिस्कसकट कॅबिनेट उचललं, स्कूटीवर पायाजवळ ठेवलं आणि टीनाकडे गेली. मी धरू लागलो तर म्हणाली, "हात नोका लावू."

८ फेब्रुवारी, शनिवार.

टीनाच्या दुकानात जायचं नाही, हे तत्त्व. अकरा वाजता गेलो, देखरेखीसाठी.

टीना म्हणाली, "सर, उलटं क्लोन केलं तुमी. कोऱ्या डिस्कची कॉपी भरल्या डिस्कवर मारली."

मी म्हटलं, उलटं-सुलटं हे आपण कुठून पाहतो त्यावर आहे.

तिनं जुन्या डिस्कमधून बऱ्याच फाइली उकरून काढल्या आहेत, पण नावं पुसली गेली. चाळीस हजार फाइली, सगळ्यांना नुसते नंबर. एकेक उघडून पाहावी लागते. गटातल्या अकरा बायका येऊन तीन कॉम्प्युटरपुढे बसल्या. रुख्माबाईनं जन्मात माऊस धरला नव्हता. दुपारपर्यंत ती "हे नाही, फुडं" करत सगळ्यांच्या पुढे निघून गेली. हिला शिकवलं कोणी, मला माहीत नाही. मी नाही.

तीन वाजता तिनंच एक फाइल उघडली आणि टीनाला विचारलं, हे का हाय, वाच बाई. टीनानं मोठ्यानं वाचलं. "ज्यांनी या तालुक्याच्या हाती माऊस दिला, असे संगणक-महर्षी ईश्वरदास सर यांच्या सत्कारप्रसंगी त्यांचा परिचय करून देताना..."

एक जुना मसुदा आहे. ऐनवेळी आयोजकांची धावपळ नको, म्हणून मीच तयार ठेवला होता. बायका पोट धरून हसल्या. रचनाही हसली, मग माझ्याकडे पाहून थांबली. रुख्माबाईनं मात्र मनापासून विचारलं, "सत्कार कवा हाय जी?"

तारीख ठरायची आहे म्हटलं.

९ फेब्रुवारी, रविवार.

एकोणीस पानं सापडली. बारा नाहीत. रचना आठवून आठवून सांगते, टीना टाइप करते. मी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दाखवल्या. टीना म्हणाली, "सर, चहा सांगता का?" सांगितला. आणूनही दिला. मोठ्या मनाचा माणूस हे करू शकतो.

कोणत्या महिन्यात तलावात किती पाणी राहते, तो तक्ता काही सापडला नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार.

रचना, रुख्माबाई आणि टीना सकाळच्या बसनं गेल्या. मला कोणी चला म्हटलं नाही. स्टँडवर मात्र गेलो. बस कचारगडच्या यात्रेकरूंनी खच्चून भरलेली. रचना दांड्याला धरून उभी होती, फाइल छातीशी. मी हात हलवला. तिच्या दोन्ही हातांत काहीतरी होतं, म्हणून तिनं हलवला नसावा.

फोन करायचा नाही, असा निश्चय. नऊ वेळा केला. बंद होता.

साडेपाचला आल्या. तलाव मिळाला!

साहेबानं नेमकं तेच विचारलं होतं, उन्हाळ्यात पाणी किती राहते. कागद नव्हता. रुख्माबाई उभी राहिली आणि बोलत सुटली. चैतात पाणी कोणत्या दगडापर्यंत उतरते, मासोळी कोणत्या खोलगटीत जाऊन बसते, कोणत्या साली सगळा तलाव आटला होता. रचना सांगत होती, साहेबानं पेन खाली ठेवला आणि ऐकत राहिला.

माझ्या एक गोष्ट लक्षात आली. तो तक्ता गेला नसता तर रुख्माबाई बोललीच नसती. मग या यशाचं श्रेय कोणाला जाते, ते मी सांगणार नाही.

रात्री जेवताना सांगितलं. रचना ताट घेऊन उठली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

घरात वातावरण शांत आहे. तीन दिवसांत रचना माझ्याशी "वाढू का" एवढंच बोलली. मला त्रास नाही. उलट वाचन होते. काय वाचलं ते आत्ता आठवत नाही.

टीना येऊन कॉम्प्युटर लावून गेली. एसएसडीवर नवं विंडोज टाकलं आहे. तिनं रचनासाठी वेगळा पासवर्ड केला. मला सांगितला नाही. सुरक्षेच्या दृष्टीनं बरोबरच आहे, मी वर्गात हेच शिकवायचो.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

वाढू का, हेही आज विचारलं नाही. भांडं समोर ठेवून गटाच्या मीटिंगला गेली. भाजी चांगली होती. एकट्यानं खायला एवढी कोणी करत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार.

बोलायचं ठरवलं. घाबरतो थोडीच. सकाळपासून मनात वाक्य घोळवलं. आधी त्यात व्होल्टेज होतं, मग टीना होती, मग रायपूरवाला. एकेक काढत गेलो. शेवटी तीन शब्द उरले.

रचना अंगणात गटाच्या नव्या जाळ्याला शिशाचे गोळे ओवत बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "माझी चूक झाली."

तिनं वर पाहिलं नाही. दोरा ओढून गाठ मारली.

"कोनती जी?"

पुढचं काही तयार केलं नव्हतं.