मास्तर टिकत नाही

लाखनी,
कार्तिक, १९८३

प्रिय शकुन,

तुझं पत्र आलं त्याला दिवाळी उलटून गेली. धानाची कापणी चालू आहे, म्हणून लिहायला बसवत नाही. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर, नाही लागलं तर जावईबापूंकडून वाचून घे. नाही, नको. हे पत्र तू एकटीच वाच. सर्दी गेली का? पोराला थंडीत टोपी घालत जा.

आपलं अपंग केंद्र पुन्हा मास्तराविना आहे. पावसाळ्यात तुमसरचा एक आला होता. खोलीत साप निघाला तर सकाळच्या पहिल्या एसटीने गेला, त्याची चादर अजून इथेच आहे. त्यानंतरचा मनापासून काम करायचा, पण त्याला बँकेचा कॉल आला. जाताना पाया पडला. बँक समोर असताना लाखनीत आंधळ्या-पांगळ्यांना कामाला लावत कोण बसेल? शिकलेलं माणूस टिकत नाही, आणि ट्रेनिंग झालेला मास्तर नसला तर केंद्राची मान्यता जाते. उन्हाळ्यापर्यंत जाईल असं दिसतं.

परसराम तुला आठवत असेल, दोन्ही डोळ्यांनी आंधळा, वासावरून तुझी भाजी ओळखायचा. जावईबापू इथे मास्तर होते तेव्हा त्यांनी त्याला भंडाऱ्याच्या एका पितळी भांड्यांच्या कारखान्यात कामाला लावलं. आधी स्वतः डोळ्यांना दुपट्टा बांधून पॉलिशच्या यंत्रावर बसले. मालक म्हणाला होता, "मास्तर, तुमी तर सर्कसच काढली!" पण त्यांनी हातानं काम ओळखलं आणि मगच परसरामला शिकवलं. आता मालकाने यंत्र दुसऱ्या खोलीत हलवलं. नवी जागा त्याच्या हाताला ओळखीची करून द्यायला कोणी नाही म्हणून मीच गेलो. मीही दुपट्टा बांधला. मला घाम फुटला ग, मीच ठेचकाळून पडलो. मग परसरामचा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला. बोटं वाचली, काम गेलं. मालक वाईट नाही. म्हणाला, "बाबूजी, शिकवणारा आणा, मी याले उद्या घेतो." कुठून आणू? परसराम दिवसभर केंद्राच्या ओट्यावर बसतो. कोणाच्या चपला वाजल्या की विचारतो, "नवा मास्तर आला का जी?" मी तिकडून जायचं टाळतो.

परवा कमिटी आपल्या घरी बसली. अड्याळचा एक मुलगा कळला आहे, ट्रेनिंग झालेला, लग्न न झालेला. भैय्याजी अध्यक्ष अजून तेच, आणि डोकंही तेच. म्हणाले, "सुखराम, धाकट्या पोरीले, रत्नाले देऊन टाक ना त्याले. गावचा जावई झाला का मंग कुठं जाते?" कमिटीतला श्यामराव हसला, "मागच्या बारीले दिली होती ना! मास्तरही गेला अन् पोरगीही गेली." तुझ्या लग्नात भैय्याजींनी मांडवातच जावईबापूंना केंद्राची किल्ली आहेर म्हणून दिली होती, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मग पोरगं शाळेचं झालं आणि तुम्ही नागपूरला गेलात. मी दोष देत नाही. तिथे नळाला पाणी आहे, शाळा चांगली आहे.

रत्ना चहा घेऊन आली होती, तिने सगळं ऐकलं. कप खाली ठेवले आणि म्हणाली, "मास्तरले बांधून ठेवाले मी दावं आहो का? मास्तर आणता कायले, मलेच धाडा ना शिकाले." भैय्याजींचा चहा धोतरावर सांडला. मला हसू आलं आणि काळजीही वाटली. तुझी आई असती तर तिने काहीतरी सांगितलं असतं.

अड्याळला मी नकार कळवला. त्या मुलाने लगेच गोंदियाची नोकरी धरली. भैय्याजी माझ्याशी बोलत नाहीत.

हे पत्र लिहायचं कारण हे की सोमवारी मी रत्नाला एसटीत बसवून देतो. मास्तरचा तो कोर्स नागपूरलाच होतो, जावईबापूंना माहीत आहे. तिला तुझ्याजवळ ठेव. ती शिकून येईपर्यंत केंद्राला कुलूप लागलेलं असेल, आणि खरं सांगू, शिकल्यावर ती येणार नाही. आजवर कोण आलं? तिच्याकडून परत यायचं वचन मात्र घेऊ नको. माझ्यासाठी नको, परसरामसाठीही नको. अभ्यास सोडून ती विचारत बसेल, बाबाच्या केंद्राचं काय झालं म्हणून. तर तिला सांग, बाबाला मास्तर मिळाला. चांगला आहे, टिकेल असा वाटतो.

तुझाच, इकडे सगळं ठीक असलेला,
बाबा