दोन हातांनी घडवलेले

तीर्थस्वरूप ताई,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (तूर्त तो कागदावरच घालतोय. खरोखर जमिनीवर आडवा झालो तर मला उठवायला दोन माणसं लागतील, आणि घरात मी धरून दोनच आहेत.) तुमचे गुडघे कसे आहेत? साडूभाऊंचा खोकला गेला, की अजून ठाण मांडून बसलाय? इकडे सर्व ठीक आहे. पत्राच्या सुरुवातीला असं लिहितात म्हणून मीही लिहिलं. आता खरं काय ते सांगतो, पण एक विनंती आहे: वाचता वाचता फोन करू नका. फोन तीच उचलेल आणि मग माझी खैर नाही.

तुमची धाकटी लोकरीचं फेल्ट बनवते हे तुम्हाला माहीत आहे, पण ते कसं बनतं हे तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मीही लग्नानंतर बरीच वर्षं विचारलं नव्हतं. कोरी लोकर थरावर थर पसरायची, वरून साबणाचं गरम पाणी शिंपडायचं आणि चोळत राहायचं. चोळता चोळता तंतू एकमेकांत असे गुंततात की विणकाम नाही, शिवण नाही, तरी जाडजूड कापड तयार होतं. एकदा आवळलं की कोणी सोडवू म्हटलं तरी सुटत नाही. (आमच्या लग्नाविषयी मी काहीही सुचवत नाहीये.) त्याच्या ती उशा करते, बैठकी करते, दिव्यांना टोप्या करते, आणि हे सगळं एका मोठ्या शोरूममध्ये जातं. शोरूमच्या मालकीणबाईंना मी राखाडी बाई म्हणतो, कारण त्यांचे कपडे, केस, सोफे, पडदे आणि माझ्या अंदाजाने स्वप्नंसुद्धा राखाडी आहेत. त्यांच्याकडच्या खुर्च्यांना पाठ नसते, टेबलांना कोपरे नसतात, कपाटांना कडी नसते आणि ती कुठून उघडतात हे विचारणारा माणूस गावंढळ ठरतो. (मी विचारलं होतं.) तर या बाईंनी आमच्या प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते: ‘एका स्त्रीच्या दोन हातांनी घडवलेले.’ मजकूर त्यांचाच. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं.

आता मुद्दा. ते दोन हात, ताई, गेले कित्येक महिने माझे पाय आहेत.

घाबरू नका, नीट सांगतो. तुमच्या बहिणीच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागलं. मग लेप झाले, पट्टा झाला, ‘आपोआप जाईल’ हेही करून झालं. एके दिवशी मी कामावरून आलो तर न्हाणीघरात अर्धवट चोळलेली बैठक पडलेली, पाणी गार होत चाललेलं, आणि ही भिंतीला टेकून मनगट धरून उभी. अशा वेळी शहाणा नवरा डॉक्टर गाठतो. मी पँट दुमडली आणि बैठकीवर चढलो. तुम्हाला ठाऊकच आहे, मी उभा जन्म लोकांना गाडी शिकवण्यात घालवलाय. शिकवणाऱ्याच्या बाजूला ब्रेक असतो, क्लच असतो, पण स्टिअरिंग नसतं, त्यामुळे माझे पाय भलतेच तयार आहेत. (घरातली माझी जागाही साधारण तशीच.) तिने आधी आरडाओरडा केला, मग थोडा वेळ बघितलं, मग म्हणाली, टाच नको, चवडा लावा. तेव्हापासून लोकर ती निवडते, रंग ती जुळवते, थर ती डाव्या हाताने पसरते, आणि मी तुडवतो. पाय आधी धुतो, हे मुद्दाम नमूद करतो.

काम इतकं झकास व्हायला लागलं की माझ्या मनात भीतीच भरली. एकदा माल पोचवायला शोरूममध्ये गेलो होतो. तिथे एक गिऱ्हाईक बाई आमची एक उशी उचलून दाबून बघत होत्या. विकणारी मुलगी त्यांना गोड आवाजात सांगत होती की हिला स्पर्श करा, कारागीर बाईच्या बोटांची ऊब अजून जाणवेल. बाईंनी डोळे मिटले आणि उशी गालाला लावली. ताई, त्या उशीवर मी सर्दी झालेली असताना मोजे काढून अख्खी दुपार नाचलो होतो. माझा उजवा पाय तिथल्या गुळगुळीत फरशीवर आपोआप दाबला गेला, पण तिथे ब्रेक कुठला असायला? बाई म्हणाल्या, हो, जाणवतेय. (तुमच्याकडची गोल उशी फार जुनी आहे. ती हातचीच. बिनधास्त झोपा.)

हे मी घरी येऊन हसत हसत सांगितलं, तर तुमची बहीण हसली नाही. जेवली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, मी बाईंना सांगून टाकते. मी म्हटलं, अगं, तुडवलेल्या उशा म्हटल्यावर कोण घेईल? सगळा माल परत येईल, शोरूम बंद होईल आपल्याला, तू करणार काय? त्यावर तिचं म्हणणं असं की चिठ्ठीवर स्त्री लिहिलंय आणि हात लिहिलंय, त्यातला एकही शब्द आता तुम्हाला लागू होत नाही. मी नेहमीप्रमाणे ब्रेक दाबून बसलो. थोडं थांब, मी म्हटलं, एवढा मोठा गालिचा होऊ दे.

गालिच्याचं सांगायचं राहिलंच. राखाडी बाईंना शोरूमच्या दर्शनी काचेत अंथरायला एक अखंड गालिचा हवा होता. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर ठीक होतं, पण त्यांना तो बनताना चित्रित करायचा होता. आमच्या घरी येऊन. हात चोळतायत, साबणाचा फेस येतोय, खिडकीतून उजेड पडतोय, असं. हल्ली लोकांना वस्तूपेक्षा ती करताना बघायला आवडतं म्हणे. (मला गाडी शिकवताना कोणी बघू नये असं नेहमी वाटतं.) निरोप आला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. ही मात्र शांत होती. म्हणाली, मी करेन, एक दिवस तर करायचंय. रोज संध्याकाळी गरम पाण्यात हात बुडवून बसायची आणि मूठ उघडमीट करून बघायची. मी बघतोय असं दिसलं की हात टॉवेलखाली.

तो दिवस उजाडला. सोफा गॅलरीत, कपाट पॅसेजमध्ये, आणि बाहेरच्या खोलीभर लोकर. तिने ती कितीतरी दिवस बसून पसरली होती. राखाडीवर राखाडी, त्याखाली आणखी राखाडी, आणि एका कडेला बाईंना न विचारता टाकलेली मोहरीच्या रंगाची एक बारीक रेघ. खरं सांगतो ताई, दारातून ते बघताना माझ्या हातातला चहा गार झाला. मग राखाडी बाई आल्या, कॅमेरेवाला आला, त्याचे तीन पायांचे दिवे आले, आणि मला स्वयंपाकघरात पाठवण्यात आलं. बनियनवर मी चित्रात आलो तर सगळं मुसळ केरात, असं तुमची बहीण म्हणाली.

दाराच्या फटीतून मला अर्धी खोली दिसत होती. तिने पाणी शिंपडलं. आता लोकर ओली झाली म्हणजे थांबता येत नाही. पाणी गरम आहे तोवर तंतू पकडले तर पकडले, नाहीतर गार चिखल हाती लागतो आणि सगळी पसरणी वाया जाते. तिने डाव्या तळव्याने सुरुवात केली. छान चाललं होतं. कॅमेरेवाला म्हणाला, बाई, उजवाही घ्या ना, एक हात रिकामा दिसतोय. तिने उजवा टेकवला. दोनदा फिरवला. मग तो नुसताच तिथे राहिला. कॅमेरेवाल्याला वाटलं ती उजेडाची वाट बघतेय. मला फटीतून तिची पाठ दिसत होती आणि मला कळलं की हात आता उचलताही येत नाहीये. वाफ कमी होत होती. मी ओट्याखालच्या फरशीवर इतका जोर लावला की पोटरीत गोळा आला.

मग ती साध्या आवाजात म्हणाली, “मला नाही जमत. हे आता माझे हात करत नाहीत. यांचे पाय करतात. अहो, या बाहेर.”

कॅमेरा चालू होता. मी बाहेर आलो. बनियनवर. राखाडी बाईंनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि पावलांपाशी नजर थांबली. चिठ्ठी, उशा, गालाला लावणाऱ्या बाई, सगळं त्यांच्या डोक्यातून जाताना मला दिसत होतं. माझी पाचावर धारण बसली. तुमची बहीण म्हणाली, चिठ्ठी बदला नाहीतर माल परत करा, पण आधी यांना तुडवू दे, पाणी गार होतंय. ताई, इतकी वर्षं शेजारच्या सीटवर बसून मी असा गाडीचा वेग कधी पाहिला नव्हता. मी बाईंच्या उत्तराची वाट न बघता पँट दुमडली.

मी चढलो. आधी लोकरीवर अंथरलेल्या जाळीवर हळूहळू, मग गुंडाळी करून तिच्यावर, मग उलट्या बाजूने. ती कडेला बसून सांगत होती: डावीकडे, कोपरा राहिला, टाच नको म्हटलं ना. घाम माझ्या नाकावरून गालिच्यावर पडत होता. (त्याने फेल्ट चांगलं बसतं, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.) बऱ्याच वेळाने राखाडी बाईंनी आपल्या राखाडी चपला काढल्या आणि एक पाऊल गालिच्याच्या कडेवर ठेवून दाबून पाहिलं. म्हणाल्या, जुन्या काळी लोक तुडवूनच करायचे की, मीच विसरले. मग मोहरीच्या रेघेकडे बघून म्हणाल्या, ही राहू द्या. आणि कॅमेरेवाल्याला म्हणाल्या, पाय घे. गुडघ्याखालचे. नखं तेवढी टाळ.

तर आता आम्ही वाचलो आहोत. चिठ्ठी बदलली: ‘पायांनी तुडवून, जुन्या पद्धतीने.’ त्या चित्रफितीत माझा चेहरा एकदाही नाही, पण पोटऱ्या सर्वत्र पोचल्या आहेत. माझ्याकडे गाडी शिकायला येणारी एक बाई परवा म्हणाली, सर, तुमचे पाय कुठेतरी बघितल्यासारखे वाटतात. शोरूममधून आणखी तीन गालिचे सांगितलेत. सगळं सुरळीत झालं, आणि एवढंच कळवायचं म्हणून हे खुशालीचं पत्र.

तुमचे गुडघे जपा. साडूभाऊंना नमस्कार.

आपला,
धाकटीचा नवरा

ता. क. तुम्हाला इकडे या असं मी कुठेही लिहिलेलं नाही, हे कृपया ध्यानात घ्यावं. गुडघ्यांना प्रवास सोसत नाही हे मला माहीत आहे. तरी सहज म्हणून सांगतो, हल्ली बस अगदी आमच्या कोपऱ्यावर थांबते आणि तिच्या पायऱ्याही बुटक्या आहेत. मी स्वतः बसून बघितलं.

ता. क. २. वर सगळं सुरळीत झालं असं लिहिलंय, ते शोरूमपुरतं. चित्रीकरण झाल्यावर मी तिला डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, दुखणं कमी करू, पण हाताची पकड परत येईल असं धरून चालू नका. तुम्हाला तिने फोनवर ‘जरा मुरगळलाय’ असं सांगितलंय ना, ते असं आहे. घरी आल्यापासून ती मला काय करायचं तेवढं सांगते, दुसरं काही बोलत नाही. गालिच्याचं सगळे कौतुक करतात तेव्हा ती पाणी आणायला आत जाते. मला तिच्याशी काय बोलावं ते कळत नाही, ताई. तुम्हाला कळेल. मी उगाच काहीतरी विनोद करतो.

ता. क. ३. ताई, हे अक्षर माझं, डाव्या हाताचं. यांनी पाकीट चिकटवायला मुद्दाम माझ्याकडेच दिलं, म्हणजे मी वाचावं असंच यांना वाटत असणार, तोंडाने सांगता येत नाही. पत्रात बरंच गाळलंय. शेवटी उतरताना हे फेसावर घसरले आणि बाईंची शाल धरून आडवे झाले, कंबर त्यामुळे धरलीय. कॅमेरेवाल्याने तेही घेतलंय. बाकी घरातलं यांना सगळं जमायला लागलंय. भांडी, कपडे, माझ्या ब्लाउजचे हुकसुद्धा. वेणी मात्र जमत नाही. रोज सकाळी घालतात, दुपारपर्यंत सुटते, आणि मी छान झालीय म्हणते. तू ये.