मामांची चिठ्ठी, आवक क्रमांक एकशे बारा

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे आणि रागाचा पारा कुठवर आहे, दोन्ही कळवावं. (दुसरं आधी कळवलंत तर बरं.)

मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षपदासाठी तुम्ही मला खाजगीत पाठवलेली चिठ्ठी मिळाली. ‘वर एक शब्द टाक, बाकी मी बघतो’ हे वाचून भाचा म्हणून ऊर भरून आला. पण भाचा मी घरी. आयोगाच्या ऑफिसात आवक-जावक कारकून. एकोणीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही कागद शिक्क्याशिवाय पुढे गेलेला नाही. (माझ्या स्वतःच्या लग्नाची पत्रिकासुद्धा.) हात आपोआप उठला, शिक्का बसला. आणि नवा नियम असा, की या नेमणुकीबद्दल आलेला प्रत्येक कागद लोकांना वाचता यावा म्हणून बोर्डावर लावायचा. पूर्वी एक फोन यायचा नि अध्यक्ष ठरायचे. आता जाहिरात, अर्ज, उमेदवारांची नावं, लोकांचे प्रश्न, मुलाखत, सगळं चारचौघांत. तेव्हा तुमची चिठ्ठी लिफ्टशेजारच्या बोर्डावर लागली आहे. चार टाचण्या मारल्यात, उडायची काळजी नको. लिफ्टमनला ती तोंडपाठ झाली आहे.

काढू द्या म्हणून मी निवड समितीच्या बाईंच्या हातापाया पडलो. त्या म्हणाल्या, काढा, पण का काढली याचाही कागद लावावा लागेल. वर म्हणाल्या, आयोगाकडे येणारा माणूस सगळीकडून हाकलला गेलेला असतो, त्याचं ऐकणारा तरी बंद दाराआड ठरू नये.

मामा, खरं सांगतो, वाईट वाटलं. न्यायाधीश असताना तुम्ही कुणाच्या चिठ्ठीला भीक घातली नाहीत, हे मी लहानपणापासून सगळ्यांना सांगत आलोय. सरळ अर्ज करा. मुदत शुक्रवारी पाचपर्यंत.

तुमचा भाचा

ता.क. सवयीने या पत्रालाही शिक्का बसला. क्रमांक एकशे तेरा. तुमच्या हाती पडेपर्यंत लिफ्टमनने वाचलेलं असेल, तेव्हा रागवायचं ते तोंडी रागवा.

आणखी ता.क. चिठ्ठीमुळे अर्जाआधीच तुमच्यासाठी लोकांचे सात प्रश्न आलेत. सहा सोपे आहेत. सातवा असा, की तक्रार घेऊन आलेल्याचं हे शेवटपर्यंत ऐकून घेतील का, घरात तर मला तेहतीस वर्षांत एक वाक्य पुरं करू दिलेलं नाही. खाली मामीची सही आहे. मुलाखतीसाठी तिने पहिल्या रांगेतली खुर्चीही मागून घेतली आहे. तुम्ही अर्ज करावा असं तिला मनापासून वाटतं. इतक्या लोकांसमोर तरी तुम्ही तिला मध्येच तोडणार नाही, म्हणते.