दगडाखालचा कोळसा

प्रिय बाबा,

ख्यालीखुशालीत वेळ घालवलेला तुम्हाला कधीच खपला नाही, म्हणून आधी कामाचंच सांगते. विद्यापीठाच्या आवारात नवा रस्ता होतोय. पुढच्या फाटकापासून निघून, ग्रंथालयाला मागे टाकून, थेट टेकाडावरच्या नव्या वसतिगृहांपर्यंत. आणि त्याची मोजणी कुणाकडे आली असेल? तुमच्या बुडबुडीकडे. पाणसळीच्या नळीतल्या बुडबुड्यासारखी ही पोरगी मध्यावर म्हणून थांबत नाही, असं म्हणत तुम्ही मला ते नाव पाडलंत. आता दिवसभर तो बुडबुडा मध्यावर आणत बसणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. हसा खुशाल.

रस्त्याला वाटा दोनच निघत होत्या. एक सरळ, ती आपल्या घराच्या मधोमध, तुमच्या आरामखुर्चीवरूनच जाते म्हणा ना. दुसरी घळीच्या काठाकाठाने वळसा घेते आणि तिच्यात घर वाचतं. आवाराचे इंजिनिअर भला माणूस. त्यांनी मला आधीच सांगून टाकलं, की तुमच्या आई तिथे राहतात हे मला ठाऊक आहे, काठ भक्कम निघाला तर वळसा घेऊ, आम्हाला घाई नाही. मी वरवर मान हलवली, पण मनात वळसा कधीच पक्का करून टाकला होता. मोजणी करायच्या आधीच उत्तर ठरवणाऱ्याला तुम्ही काय म्हणायचात ते मला आठवतं, ते इथे लिहीत नाही.

आई अजून त्याच घरात आहे, बाबा. ज्या दुपारी तुम्ही मोजणीची दांडी खांद्यावर टाकून 'आलोच' म्हणून बाहेर पडलात, त्या दुपारपासून ती घर सोडायला तयार नाही. ग्रंथालयात पुस्तकं बांधायच्या कामावर लागली, तिथूनच निवृत्त झाली, आणि आवाराच्या मागच्या टोकाचं हे घर दुसऱ्या कुणाला नको होतं म्हणून तिच्याकडेच राहिलं. दांडी घळीजवळच्या झाडाला नीट टेकवून ठेवलेली सापडली. तुम्ही सापडला नाहीत. घळीला तेव्हा दुथडी पाणी होतं, माणसं दोर बांधून उतरली, पण त्या पाण्यापुढे कुणाचं काय चालणार! मग लोक बोलायला लागले. कुणी म्हणालं वाहून गेले, कुणी म्हणालं दुसरीकडे संसार थाटला. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? आई एवढंच म्हणायची, 'दांडी ठेवून गेलेत, म्हणजे परत येणार आहेत.' आणि दाराला आतून कडी लावायची नाही. थंडी असो, वारा असो, दार नुसतं लोटलेलं. मी त्या लोटलेल्या दाराकडे बघत मोठी झाले आणि मला तुमचा फार राग यायचा. तो आज लिहून टाकते म्हणजे सुटले.

तर मोजणी. पहिल्या दिवसापासून कुणीतरी माझ्याबरोबर आहे असं मला वाटत होतं, आणि तुम्हाला ठाऊक आहे, मी भित्री नाही. दांडी धरायला एक उंच, पोक काढून चालणारा माणूस मिळालाय, सगळे त्याला लंबूच म्हणतात. स्वभावाने गरीब, पण कामाला नवखा. दांडी खांबासारखी ताठ धरून उभा राहतो. घळीच्या बाजूला त्याला उभं केलं, दुर्बिणीत डोळा लावला, आणि दांडी हळूच पुढे-मागे झुलायला लागली. सावकाश पुढे, सावकाश मागे. तुम्ही झुलवायचात तशी. 'झुलवताना सगळ्यात कमी भरेल तो आकडा खरा, बाकी सगळा वाकडेपणा,' असं तुम्ही सांगायचात, ते मी लंबूला शिकवलंच नव्हतं. त्याला बोलावून विचारलं तर म्हणाला, 'ताई, मी कुठे हलवतोय? मला वाटलं मागून कुणीतरी धरलंय, म्हणून मी निवांत होतो.' मी त्यालाच दामटलं.

त्याहून मोठं दुखणं वेगळंच होतं. हिशेब जुळेना. ग्रंथालयाच्या पायरीवर तुम्ही कोरलेली खूण आणि आपल्या अंगणाच्या कडेचा तुमचा खुणेचा दगड, दोन्हींची उंची तुमच्या नकाशात आहे. मी पायरीपासून निघून दगडापर्यंत मोजत आले, तर दगड तुमच्या आकड्यापेक्षा चांगलाच उंच भरला. परत मोजलं, तेच. नव्या यंत्रावर खापर फोडलं आणि माळ्यावरून तुमची जुनी दुर्बीण काढली. तिच्यात सगळं उलटं दिसतं हे मी विसरूनच गेले होते. झाडं आभाळातून खाली लोंबतात, माणसं डोक्यावर चालतात. लहानपणी आई तिच्यात उलटी दिसली म्हणून मी हसून हसून लोळले होते. या खेपेला घळीकडे दुर्बीण वळवली, तर काठाशी कुणीतरी उलटं लोंबत होतं, माझ्याकडे तोंड करून. डोळा काढला, कुणी नाही. लंबू तर पार दुसऱ्या टोकाला, झाडाखाली बसून पाणी पीत होता. मी घळीकडे पुन्हा दुर्बीण वळवली नाही. बाबा, मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही जास्त बरं वाटलं.

तुमच्या दुर्बिणीनेही दगड उंचच दाखवला. म्हणजे दोन यंत्रं एका बाजूला आणि तुम्ही एकटे दुसऱ्या बाजूला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. जन्मभर तुमच्या काटेकोरपणाचे गोडवे ऐकले, शेवटी एक चूक सापडली तर! जेवताना आईला चिडवलं. म्हटलं, तुझा नवरा केसाएवढा फरक खपवून घ्यायचा नाही ना, त्याने अंगणातल्याच दगडाची उंची चुकवून ठेवलीय. मोजायला गेला आणि भलतीकडेच बघत होता वाटतं.

आईने घास ताटात परत ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, 'त्यांचं माप चुकलेलं नाही. दगड मी हलवलाय.'

इतकी वर्षं तिने हे पोटात ठेवलं होतं. शोधायला आलेल्यांना सांगितलं नाही, शेजाऱ्यांना नाही, मला नाही. तुमच्यावर नाही नाही ते आरोप झाले, ते तिने ऐकून घेतले. पण तुमचं माप चुकलं हे मात्र तिला ऐकवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः पुढे होऊन मला घळीकडे घेऊन गेली. काठी टेकत, झुडपं बाजूला सारत. दगड मुळात अंगणाच्या कडेला नव्हताच, तो उताराच्या खाली होता. तेव्हा मी लहान, मला कुठलं आठवायला! पाणी ओसरल्यावर ती एकटी तिथे गेली होती. दगड होता, पण त्याच्या पुढची जमीन नव्हती. काठ ताजा तुटलेला, आणि दगडाच्या अंगाला तुमच्या एका चपलेचा पट्टा अडकलेला. तिने पहारीने दगड काढला, गोणपाटावर घेतला आणि ओढत ओढत चढावरून अंगणापर्यंत आणला. मी विचारलं, 'का गं?' तर म्हणाली, 'तिथे ठेवला असता तर रोज तिथे बघावं लागलं असतं. आणि हे कुठूनही आले तरी मोजायला दगडापासूनच सुरुवात करतात. दगड दारात असला म्हणजे दारातच येतील.' दोन्ही कारणं तिने एका दमात सांगितली, आणि दोन्ही तिला सारखीच खरी वाटत होती.

मला तुमचं ते सांगणं आठवलं, की दगड कुणीही पळवतो, म्हणून दगडाखाली कोळसा आणि बाटलीच्या काचा पुरायच्या. कोळसा कुजत नाही आणि कोळसा कुणी चोरत नाही. मी हातानेच माती उकरायला लागले. फार उकरावं लागलंच नाही. काठाच्या कडेला काळा पट्टा उघडाच होता. अर्धा कोळसा जमिनीत, अर्धा तुटलेल्या काठाबरोबर कधीच खाली गेलेला. हिरवी काच उन्हात चमकत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं. आई तिथेच उभी असताना मी मोठ्याने रडले. तुम्ही इथून गेलात, बाबा. आम्हाला टाकून नाही गेलात. दांडी झाडाला टेकवून दगडाशी वाकला असाल, आणि जमीनच गेली.

पण माझ्या आधी आईच्या लक्षात आलं ते वेगळंच. 'मी दगड काढला तेव्हा काठ इतका आत नव्हता,' ती म्हणाली. मी अंगणातल्या दगडापासून काठ मोजला होता, आणि तो नकाशातल्यापेक्षा लांब भरला होता. म्हणून मी जमीन पक्की धरली, वळसा घ्यायला हरकत नाही असं मनाशी म्हटलं. दगडच जर हललेला, तर काठ लांब गेला नव्हता, तो आत आत येत होता. मागे वळून बघितलं तर गवताखाली भेगाही दिसल्या. खरं सांगते, क्षणभर मनात आलं की गप्प बसावं, घर वाचतंय. आई म्हणाली, 'त्या वळशावरून पोरांच्या बसगाड्या जाणार ना?' मी हो म्हटलं. 'मग सरळ ने,' ती म्हणाली, 'घरातून ने.' आणि काठी टेकत घराकडे निघाली, सामान काढायला लागली.

घर पाडून झालं. आरामखुर्ची आम्ही आणली आहे, तिची पट्टी नवी बसवलीय.

आता पत्र कशासाठी, ते. रस्त्याच्या कडेला, ग्रंथालयाच्या पलीकडे नवा खुणेचा दगड बसवायचा आहे, पक्क्या जमिनीवर. त्याखाली पुरायला तुमचाच उरलेला कोळसा आणि तीच हिरवी काच मी गोळा करून आणली. आई म्हणाली, 'मी दगड चुकीच्या जागी ठेवला, म्हणजे त्यांना पत्ताही चुकीचाच दिला. आता दोन्ही नीट कर. घर बदललंय हे त्यांना कळवायला नको? लिही.' म्हणून हे लिहिलं. बाटलीत घालून, बूच लावून, कोळशाबरोबर पुरणार आहे. उद्या लंबूला सुट्टी. दांडी आई धरणार आहे, तिनेच हट्ट केला. तर पत्ता असा: दगडाकडे पाठ करा, ग्रंथालयाची पायरी उजव्या हाताला ठेवा, नव्या रस्त्याने फाटकाबाहेर पडा. पाण्याच्या टाकीसमोरची चाळ, तळमजला, शेवटचं दार. आई तिथे गेल्यापासून रोज दाराला आतून कडी लावते आणि शांत झोपते. तेव्हा नुसतं लोटून दार उघडणार नाही, तुम्हाला ठोठावावं लागेल. ठोठावा. आईला हल्ली कमी ऐकू येतं, पण मीही तिच्याकडेच राहायला आले आहे, आणि मी जागीच असते.

तुमचीच,
बुडबुडी