रेपोलाच्या बदल्यात बंदर

लिएक्सा (फिनलंड), २० ऑक्टोबर १९२०

ती. हुओतीदादास, शि. सा. न. वि. वि.

तार्तूला तह झाल्याचं पेपरात वाचलं. फिनलंडला उत्तरेत पेत्सामोचं बंदर मिळालं आणि त्याबदल्यात आपलं रेपोला रशियाला परत जाणार. ह्यांचं म्हणणं, हिवाळ्यातही न गोठणारं बंदर नव्या देशाला हवंच होतं. मी म्हटलं, मग तुमचं गाव द्यायचं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

दोन वर्षांपूर्वी फिनलंडात सामील व्हायला गावसभेत पहिला हात तू वर केलास, हे परत येणारे रशियन कसे विसरतील? फिनिश सैन्य निघण्याआधी आईला घेऊन ये. मागची खोली रिकामी केलीय. उत्तर धाड, जीव टांगणीला लावू नकोस.

तुझी धाकटी,
ओक्सेनिया

रेपोला, ३ डिसेंबर १९२०

चि. ओक्सेनियास, अ. उ. आ.

पत्र पोचलं. चर्चसमोर तह वाचून दाखवला, तेव्हा कुणी रडलं नाही. शेजारच्या मिइहकालीनं एवढंच विचारलं, की पेत्सामोला मासे तरी बरे मिळतात का. तहात माफीचं कलम आहे, तुम्हाला काही होणार नाही, असं फिनिश अधिकारी सांगतात. स्वतः मात्र सामान बांधतायत.

मी येणार नाही. माझा हात बघून बाकीच्यांनी हात वर केले. आता मीच आधी पळालो, तर त्यांना तोंड कसं दाखवू? आई विषयच काढू देत नाही. तुझ्या घरची राय धान्याची भाकरी तिला चाववत नाही म्हणते. नवऱ्याशी बोल. नकाशा त्यानं काढलेला नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
हुओती

रेपोला, १२ फेब्रुवारी १९२१

चि. ओक्सेनियास, अ. उ. आ.

हे पत्र आईच्याच हाती पाठवतोय. परवा, चौदा तारखेला, सैन्य जाईल. काल तिनं मला न विचारता मिइहकालीची घसरगाडी ठरवली. मी म्हटलं, अखेर घाबरलीस ना. तर म्हणाली, मूर्खा, म्हातारी घरात असली की माणसाला झटकन स्की चढवून पळता येत नाही. मी गेले की तू मोकळा.

तुला ती सांगेल, नातवंडांना बघायला आले. तसंच आहे असं समज.

आता आपलं टपाल पेत्रोग्राडवरून फिरून येईल. माझं पत्र आलं नाही, तर आईसमोर दोष टपालालाच दे.

लोभ आहेच, तो राहू दे.

हुओती