'स्वतःचा' हा शब्द

तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली
शुक्रवार, १४ मार्च २०२५. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. पेन्सिलीला टोक करत होतो.

शांभवी अक्कास मुरलीचा नमस्कार.

अम्मा बरी आहे. गुडघा दुखतो, पण जिने चढायचे सोडत नाही. मी त्याच छपाईच्या दुकानात आहे. पाकीट दोन्हीकडून चिकटवले आहे. उघडलेले मिळाले तर कळव.

माझ्या बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षे तू लिहिले नाहीस. तरी तुलाच लिहितो, कारण कालपर्यंत इथे कुणावर भरवसा उरला नव्हता.

रविवारी आमच्या प्रेस्बिटेरियन मंडळीत दोन नवे वडील नेमणार आहेत. हे वडील पाळकांबरोबर मंडळीचा कारभार पाहतात. त्यांतला एक मी. नेमताना सगळ्यांसमोर विचारतात: मंडळीचा विश्वास-अंगीकार तू स्वतःचा मानतोस काय? अंगीकार म्हणजे आपण काय मानतो ते कलमवार लिहिलेले, शेकडो वर्षांपूर्वीचे. तमिळमध्ये अरिक्कै. या पत्रात मराठीत मी आधी 'कबुली' लिहिले, मग खोडले. कबुली चोर देतो.

या विधीची पुस्तिका आमच्याच दुकानात छापायची आहे. काल प्रूफ पाहिले तर प्रश्नातून 'स्वतःचा' गायब. नुसतेच 'मानतोस काय?' मानायला काय, मी सिग्नलही मानतो.

पहिला संशय अमरसिंह सरांवर. जुने वडील आहेत. काही कलमे त्यांना जड जातात हे ऐकून होतो. मंगळवारी ते दुकानात येऊन माझ्याच खुर्चीवर, कॉम्प्युटरसमोर बसले होते. दुसरा संशय ऐयरांवर. (इथे पाळकाला ऐयर म्हणतात. अम्माला ब्राह्मण आठवून अजून हसू येते.) त्यांना विधी बिनबोभाट उरकायचा असेल.

संध्याकाळी दोघांना तोंडावर विचारले. ऐयर नाही म्हणाले.

सर म्हणाले, "तंबी, जन्मभर पोरांच्या चुका काढल्या, आता म्हातारपणी शब्द चोरू? जा, तुझ्या कॉम्प्युटरला विचार."

विचारले. फाइलच्या नोंदीप्रमाणे शब्द बुधवारी दुपारी तीनला निघाला होता. बुधवारी दुकानात मी एकटा होतो.

अक्का, बोट माझेच. आठवत नाही म्हणालो तर ते अर्धेच खरे. त्या दुपारी मी एका कलमाचे ऱ्हस्व-दीर्घ तपासत होतो. येशूला न मानता जे गेले त्यांना तारण नाही, असे ते कलम. पाच वेळा तपासले. एकही चूक नव्हती. अप्पा गेले त्या दिवशीसुद्धा त्यांची सकाळची संध्या झालेली होती. हे कलम स्वतःचे म्हणायचे, म्हणजे माझ्या तोंडाने मी त्यांना...

ऐयरांना हे सांगितले. वाटले, यादीतून नाव काढतील.

"शब्द कशाला काढतोस रे? शंका काढ, बाहेर! अंगीकार बायबलच्या वर नाही. हरकत असेल त्याने ती सांगायची, आम्ही नोंदवतो, मग ठरवतो." त्यांनी बैठकीची जुनी वही पुढे केली. त्यात अमरसिंह सरांची हरकत होती, दोन कलमांवर, सहीसकट. मी सरांची माफी मागितली. ते म्हणाले, "आधी प्रूफ दुरुस्त कर."

केले. शब्द जागेवर आहे.

आज संध्याकाळी बैठकीत मी हरकत वाचणार. मान्य झाली तर रविवारी उभा राहीन, नाही तर नाही. ऐयर म्हणतात होईल. मला खात्री नाही. बैठकीतल्या सहा वडिलांपैकी दोघे हे कळल्यापासून माझ्याशी बोलत नाहीत.

हरकतीखाली सही कशी करावी, अप्पांचे नाव लावावे का, हे ठरत नव्हते. आता ठरले. तशीच इथे करतो.

वेंकटरावांचा मुलगा,
मुरली